क्रियापदाची वाट

दूरची भाषा शिकू पाहणाऱ्याला निदान एवढे ठाऊक असते, की आपण दूरच्या प्रवासाला निघालो आहोत. तो शिदोरी बांधून घेतो. जवळची भाषा शिकणारा मात्र शेजारच्या घरी जावे तसा अनवाणी निघतो, आणि मग पायांत काटे मोडतात. मराठी माणसाला हिंदी आपल्याला येतेच असे वाटत राहते. पण त्याच्या घरातले नपुंसकलिंगी दही हिंदीत पुल्लिंगी होऊन बसलेले असते आणि तिथे तो जन्मभर अडखळतो. इंग्रजी आणि डच या भाषांचे नाते याच जातीचे आहे. दोन्ही पश्चिम जर्मानिक कुळातल्या. इंग्रजांचे ‘वॉटर’ ते डचांचे ‘वाटर’, इंग्रजांचे ‘बुक’ ते डचांचे ‘बूक’. इंग्रजीतला ‘बॉस’ हा डच ‘बास’ आहे, ‘लँडस्केप’ हा डच चित्रकारांचा शब्द आहे, आणि चित्र टेकवण्याची घोडी, जिला इंग्रजीत ‘ईझल’ म्हणतात, ती मुळात डच ‘एझल’ म्हणजे गाढव आहे. आपण घोड्याला राबवले, त्यांनी गाढवाला, एवढाच फरक.

जिच्याविषयी इथे सांगायचे आहे ती बाई जन्माने नॉरिचची. इंग्लंडच्या पूर्वेकडील या शहरात सोळाव्या शतकात निर्वासित होऊन आलेल्या डच व फ्लेमिश विणकरांची मोठी वसाहत होती. तिथल्या काही चौकांना आजही ‘प्लेन’ म्हणतात आणि हा शब्द त्या विणकरांनी मागे ठेवला असे मानले जाते. अशा एका चौकालगत तिचे बालपण गेले. १९९८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती लायडनच्या एका तरुणाशी लग्न करून हॉलंडमध्ये आली आणि पुढची वीस वर्षे डच भाषा न शिकता तिथे राहिली.

हे कसे शक्य झाले, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडेल. आपल्याकडे लग्न होऊन दुसऱ्या भाषेच्या घरात गेलेली मुलगी वर्षभरात त्या घरची भाषा बोलू लागते. तिला दुसरा उपायच नसतो. हॉलंडमध्ये उपाय होता. युरोपीय आयोगाच्या २०१२ च्या पाहणीत तिथल्या दहापैकी नऊ जणांनी आपल्याला इंग्रजीत संभाषण करता येते असे सांगितले होते. बेकरीत, बँकेत, दवाखान्यात तिने तोंड उघडायचा अवकाश, की समोरचा माणूस अत्यंत सौजन्याने इंग्रजीत बोलू लागे. त्या सौजन्यात तिच्याविषयी आदर होता, थोडी घाई होती, आणि आपल्याला इंग्रजी येते याचा किंचित अभिमानही होता. युरोपीय संघाची नागरिक म्हणून कायद्यानेही तिला कधी भाषेची परीक्षा विचारली नाही. नवरा तिच्याशी इंग्रजीत बोले. सासूबाई, ज्यांनी शाळेत इंग्रजी शिकून पुढे फारशी वापरली नव्हती, त्याही तिच्यासाठी इंग्रजीत बोलू लागल्या.

तिचा व्यवसायही असा, की त्याने ही सोय अधिकच पक्की केली. विद्यापीठातील संशोधक आपले लेख इंग्रजीत लिहीत आणि प्रसिद्धीपूर्वी त्यांची भाषा तपासून देण्याचे काम ती करी. वर्षानुवर्षे तिने त्याच त्या चुका दुरुस्त केल्या. ‘काल’ हा शब्द असलेल्या वाक्यात डच लेखक हमखास पूर्ण वर्तमानकाळाचे रूप योजीत, जे इंग्रजीला चालत नाही. ‘कदाचित’ या अर्थाने ते जो शब्द लिहीत त्याचा इंग्रजीत अर्थ होई ‘शेवटी’. ती लाल शाईने खुणा करीत राही. या चुका म्हणजे दाराआडून ऐकू येणारे दुसऱ्या भाषेचे व्याकरण आहे, हे तिच्या ध्यानी आले ते फार उशिरा. डच भाषेचे अर्धे नियम तिला ठाऊकच होते. फक्त ते तिला दोष म्हणून ठाऊक होते.

२०१७ मध्ये तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हते. नॉरिचला परत जावे असे तिच्या बहिणीने सुचवले आणि तिलाही ते पटत होते. पण पुढच्याच वर्षी सासूबाईंना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. त्यांची स्मृती हळूहळू विरत चालली होती, आणि अशा आजारात पुष्कळदा घडते तसे घडले: सर्वांत शेवटी शिकलेली भाषा सर्वांत आधी गेली. एका दुपारी सून समोर बसलेली असताना सासूबाईंनी इंग्रजीत वाक्य सुरू केले, मध्येच थांबल्या, आणि उरलेले डचमध्ये पूर्ण केले. पुढच्या महिन्यात इंग्रजी वाक्ये सुरू होणेही बंद झाले. वीस वर्षे ज्या पुलावरून दोघींची ये-जा चालली होती, तो सासूबाईंनी एकटीने बांधलेला होता आणि एकटीने सांभाळलेला होता, हे सुनेला तो कोसळला तेव्हा कळले.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली.

पहिला धडा लिंगविचाराचा. डच नामापूर्वी ‘द’ किंवा ‘हेट’ यांपैकी एक उपपद लागते. नपुंसकलिंगी नामाला ‘हेट’, बाकी सर्वांना ‘द’. कोणत्या नामाला कोणते, हे सांगणारा भरवशाचा नियम थोड्याच शब्दांपुरता आहे. उरलेले पाठ करावे लागतात. इंग्रजीतही एकेकाळी तीन लिंगे होती. मध्ययुगात ती झिजून गेली आणि इंग्रज माणसाला त्यांची आठवणही उरली नाही. भाषा आपला संसार किती निरनिराळ्या रीतींनी आवरतात हे पाहण्यासारखे आहे. हिंदीने नपुंसकलिंग सोडले. हॉलंडच्या डचने पुल्लिंग आणि स्त्रीलिंग बहुतांशी एकत्र करून टाकले आणि नपुंसकलिंग तेवढे जपून ठेवले. मराठीने तिन्ही राखली; म्हणूनच आपल्याकडे तो ग्रंथ, ती पोथी आणि ते पुस्तक एकाच फळीवर नांदतात आणि असे का, हे कोणी विचारीत नाही. डच लघुत्वदर्शक नाम सदैव नपुंसकलिंगी असते, त्यामुळे मुलगी या अर्थाचा ‘मैश्ये’ हा शब्दही ‘हेट’ घेतो. वर्गातल्या इंग्रज विद्यार्थ्यांना याचे हसू आले. ‘ते पोरगं’, ‘ते कोकरू’, ‘ते लेकरू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला आले नसते.

आठवड्यातून तीनदा ती शुश्रूषागृहात जाई आणि शिकलेले बोलून पाही. तिथे एक नवल घडले. सुनेचे नाव सासूबाईंना आता आठवत नसे. मुलगा गेला हे त्या विसरत आणि पुन्हा ऐकून पुन्हा नव्याने रडत. म्हणून ते सांगणे घरच्यांनी सोडून दिले होते. पण सुनेने ‘द हॉइस’ म्हटले की त्या मान वर न करता म्हणत, ‘हेट हॉइस’. घर कोणाचे, कुठले, हे पुसले गेले होते. घराचे लिंग शाबूत होते. घटना विरून गेल्यावरही व्याकरण काही काळ मागे उभे राहते. व्याकरण म्हणजे भाषेचा सांगाडा, ही उपमा आपल्याकडे कोरडेपणा दाखवण्यासाठी वापरतात. त्या खोलीत तिचा दुसरा अर्थ कळत होता: सर्वांत उशिरा झिजते ते हाडच.

लिंग पाठ करता येते. शब्दक्रमाचे तसे नाही. डच प्रधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठाण मांडून बसते. ‘काल’ने वाक्य सुरू केले तर कर्त्याला मागे सरून ‘काल गेले मी’ असे म्हणावे लागते. इंग्रजीतही ‘कधीही नाही’ यासारख्या शब्दांनी वाक्य आरंभले तर सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. जुन्या घराण्याची ती उरलेली खूण आहे. पण खरी कसोटी गौणवाक्यात लागते. ‘कारण’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘की’ असा शब्द आला, की क्रियापद उठून थेट वाक्याच्या शेवटी जाते. ‘कारण मी तुझ्या आईला काल गावात पाहिले आहे’ हे मराठी वाक्य घ्यावे. त्याचे डच रूपांतर जवळजवळ शब्दाशब्दाला याच क्रमाने होते. अगदी ‘पाहिले आहे’मधल्या दोन पदांचा क्रमही तसाच राहू शकतो. फक्त आपले ‘गाव’च्या मागे लागणारे ‘-त’ तिकडे पुढे लागते. मराठी विद्यार्थ्याला इथे माहेरी आल्यासारखे वाटेल. इंग्रज विद्यार्थिनीला मात्र वाटले, की आपल्याला श्वास कोंडून ठेवायला सांगितले आहे.

याचे कारण केवळ सवयीचे नाही. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते. बोलणाऱ्याने चार शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याला दिशा कळते, आणि चतुर श्रोता उरलेले वाक्य मनात पुरे करून उत्तराच्या तयारीला लागतो. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत ही सोय कमी. माणसे आली, वस्तू आल्या, काळ आला, स्थळ आले. पण त्यांचे काय झाले हे शेवटचा शब्द येईपर्यंत कळत नाही. पाहिले, की विकले, की जाळले? आपण भारतीय भाषांतले लोक ही प्रतीक्षा जन्मापासून करीत आलो आहोत, त्यामुळे ती आपल्याला जाणवतही नाही. तिला ती शिकावी लागली, आणि तीही अशा व्यक्तीपुढे बसून, जिची वाक्ये दिवसेंदिवस मंद होत चालली होती. सासूबाई ‘ओमदात’, म्हणजे ‘कारण’, म्हणत आणि थांबत. तिच्या जिभेवर एखादे क्रियापद तयार असे. ते पुढे करण्याचा मोह ती आवरी, कारण दोन-तीनदा तसे केल्यावर सासूबाईंनी निमूटपणे तिचेच क्रियापद स्वीकारले होते आणि स्वतःचे सोडून दिले होते.

एक संकोच संबोधनाचा होता. इंग्रजीतल्या एकुलत्या एका सर्वनामाने वीस वर्षे ज्या प्रश्नावर पांघरूण घातले होते, तो आता उघडा पडला. सासूबाईंना ‘ये’ म्हणायचे की ‘यू’? पहिले आपल्या ‘तू’सारखे, दुसरे ‘आपण’च्या अंगाने जाणारे. त्या पिढीची आठवण ठेवून तिने आदरार्थी रूप निवडले. चार-सहा महिन्यांनी सासूबाई एकदा सहज म्हणाल्या, की ‘ये’च म्हण. त्या वाक्यात ‘मार’ हा छोटा शब्द होता. ‘मार’चा कोशातला अर्थ ‘पण’. इथे त्याचे काम आपल्या ‘म्हण की’मधल्या ‘की’चे. डच संभाषण अशा शब्दांनी भरलेले असते: ‘तोख’, ‘एव्हन’, ‘होर’. ‘होर’चा मूळ अर्थ ‘ऐक’. वाक्याच्या शेवटी तो आपल्या ‘बरं का’सारखा येतो. पाठ्यपुस्तके यांच्यापाशी गोंधळतात. हे शब्द काढून टाकले तरी वाक्याचा अर्थ बदलत नाही. बोलणाऱ्याचा हात मात्र ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून निघून जातो. सासूबाईंच्या इंग्रजीत त्यांच्यासाठी जागा नव्हती. त्यामुळे ही बाई थोडी तुटक आहे, असे सुनेचे वीस वर्षे मत होते.

वर्गाबाहेर मात्र तिची परीक्षा होईना, कारण कोणी ती घेतच नसे. तिने बेकरीत डच वाक्य जुळवून म्हणावे आणि इंग्रजीत उत्तर यावे. लायडन हे शहर या बाबतीत मोठे बोलके आहे. धर्मछळाला कंटाळून इंग्लंड सोडलेले जे लोक पुढे अमेरिकेत गेले, त्यांतले पुष्कळ १६०९ ते १६२० या काळात याच गावात राहत होते. समुद्र ओलांडण्याची जी कारणे त्यांनी मागाहून नोंदवली, त्यांत आपली मुले इथे इंग्रजी भाषा आणि इंग्रज हे नाव गमावतील, ही भीतीही होती. त्या काळी इंग्रज मूल डच गल्लीत वाढले की डच होऊन जाई. चार शतकांनी पारडे असे फिरले, की त्याच गल्लीत इंग्रज बाईला डच वाक्य पुरे करू मिळत नव्हते.

याच गावाशी दुसराही एक विद्यार्थी जोडलेला आहे आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्बिंगचा योआन योसुआ केटेलार डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि त्याने डच भाषेत हिंदुस्तानीचे व्याकरण लिहिले. त्याची लखनौला केलेली नक्कल १६९८ ची आहे; ज्ञात असलेले हे हिंदुस्तानीचे सर्वांत जुने व्याकरण मानले जाते. त्याचे लॅटिन रूप १७४३ मध्ये लायडनमध्येच छापले गेले. केटेलारच्या व्याकरणात चुका आहेत. पण तो ज्या बाजारात उभा होता तिथे त्याला डचमध्ये उत्तर देणारा कोणी नव्हता. गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. भाषा मात्र गरजवंतालाच लवकर येते. या बाईच्या साऱ्या गावात तिची गरज असलेली एकच खोली होती.

त्या खोलीत २०१९ च्या हिवाळ्यात सासूबाईंनी भुकेच्या हिवाळ्याची हकीकत सांगितली. १९४४–४५ च्या त्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न आणि कोळसा संपला. लोकांनी बीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, सुमारे वीस हजार माणसे मेली. सासूबाई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. इंग्रजीत त्यांनी हा विषय पूर्वी दोन-तीनदा काढला होता, आणि दर वेळी तो एका वाक्यात संपला होता: आम्ही उपाशी होतो. आता त्या डचमध्ये सांगू लागल्या, गौणवाक्यामागून गौणवाक्य जोडीत. आई अंथरुणाच्या चादरी घेऊन खेड्यात गेली, कारण शेतकरी पैसे घेत नसत. आपण सोबत गेलो, कारण सायकलला टायर नव्हते आणि ती कोणीतरी धरायला हवी होती. आणि परतताना आईने बटाट्यांची पिशवी आपल्या हाती दिली, कारण... इथे त्या थांबल्या. सून थांबली. बराच वेळ गेला. मग क्रियापद आले: कारण ती आता चालू शकत नव्हती.

इंग्रजीत बोलणाऱ्या सासूबाई ही मूळ बाईची एक संक्षिप्त आवृत्ती होती, हे तिला त्या दिवशी उमगले. दोन भाषांची दोन माणसे बोलायला बसली, की त्यांतल्या एकाला आपला संक्षेप करून घ्यावा लागतो. थोडे कमी विनोदी, थोडे कमी हुशार, थोडे कमी दुःखी व्हावे लागते. वीस वर्षे ही किंमत सासूबाईंनी मोजली होती, आणि सुनेला ती मोजली जात आहे याचा पत्ताही नव्हता. आता तिची पाळी होती. डचमध्ये ती शिळ्या भाकरीविषयी आणि हवामानाविषयी बोलणारी, लिंगे चुकवणारी एक साधी बाई होती. या किमतीचे तिला पुढे वाईट वाटेनासे झाले.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरच्या शुश्रूषागृहांत भेटींवर बंदी आली. उरला दूरध्वनी. हात धरता येत नव्हता, चेहरा दिसत नव्हता. होते ते फक्त वाक्य. एकदा सासूबाईंनी विचारले, तू इंग्लंडला परत गेलीस का? त्यांना कोण परत जाणार होते हे आठवत होते की नाही, सांगता येत नाही. ती म्हणाली, नाही, मी राहिले.

इथे व्याकरणाची एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. डच भाषेत पूर्णकाळासाठी दोन सहायक क्रियापदे आहेत: एक ‘असणे’ आणि दुसरे ‘जवळ असणे’. पाहणे, करणे, वाचणे यांना दुसरे लागते. जाणे, येणे, मरणे, होणे यांना पहिले. आपल्याकडे ‘त्याने वाचले’ पण ‘तो गेला’ असा जो भेद कर्त्याच्या प्रत्ययात दिसतो, त्याचेच हे दूरचे भावंड म्हणता येईल. इंग्रजीने हा भेद टाकून दिला आणि सगळीकडे ‘जवळ असणे’च वापरले. आता ‘राहणे’ हे क्रियापद पाहा. त्यात गती नाही, बदल नाही. इंग्रज विद्यार्थ्याची बुद्धी सांगते, की इथे पहिले लागण्याचे कारण नाही. पण लागते पहिलेच. राहणे हे डच भाषेच्या लेखी जाण्या-येण्याच्या आणि मरण्याच्या पंक्तीला बसते.

ती चुकली. तिने दुसरे लावले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग सासूबाई म्हणाल्या, ‘बेन’. आणि पूर्ण वाक्य त्यांनी तिच्यासाठी म्हटले: ‘इक बेन खेब्लेव्हन’. मी राहिले आहे. तिने ते त्यांच्यामागून म्हटले.

सासूबाईंना अर्थ कळला होता, की कानाला खुपलेली चूक त्यांनी नुसती सवयीने सुधारली, हे तिला कधीच कळले नाही. पुढे भेटी सुरू झाल्या तेव्हा त्या फारसे बोलत नव्हत्या. २०२१ च्या जानेवारीत त्या गेल्या.

हॉलंडमध्ये मृत्यूची वार्ता छापील पत्राने कळवण्याची रीत आहे. पत्राचा मसुदा तिने केला आणि धाकट्या दिराकडे पाठवला. हा दीर तिच्याशी आजवर कधी डचमध्ये बोलला नव्हता. संध्याकाळी त्याचा दूरध्वनी आला. मसुदा ठीक आहे, फक्त तिसऱ्या ओळीत ‘द’च्या जागी ‘हेट’ हवे, असे तो म्हणाला. मग त्याने छापखान्याची वेळ सांगितली, फुलांचे विचारले, आणि आईच्या खोलीतल्या वस्तू कोणत्या दिवशी आणायच्या ते ठरवले. बोलणे दहा-बारा मिनिटे चालले. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आले, की दोघांपैकी कोणीही इंग्रजीत बोलले नव्हते.